रंगाचा डबा उघडण्याआधी

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही फ्लॅट घेतला तो मार्चमध्ये. पुण्याहून टेम्पो येईपर्यंत माझ्या फोनमध्ये सजवलेल्या घरांचे दोनशेच्या वर फोटो जमले होते. आता तीन पावसाळे उलटले, त्यातला एकही फोटो आमच्या घरात उतरलेला नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ बदली होऊन मडगावला आला. त्याची बायको दर दोन दिवसांनी विचारते, "ताई, सुरुवात कुठून करू?" तिला तुकड्यातुकड्यांत सांगत होते, ते आता सलग लिहिते.

सुरुवात काहीच विकत न घेण्यापासून. सामान उतरलं की एक वही घ्यायची आणि दर खोलीला एक पान द्यायचं. लांबी-रुंदी-उंची सगळेच लिहितात. त्यासोबत खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचावर आहे, प्लगचे बोर्ड कुठे आहेत, दारं कोणत्या बाजूला उघडतात आणि जिन्याचं वळण किती रुंद आहे हेही लिहा. वळण विसरू नका. आमचा सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडला, हमालांनी त्याचे पाय काढले तेव्हा कुठे तो आत आला. त्याच पानावर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठवर येतं तेही टिपा. आठवडाभरात कळतं की बसायची जागा तुम्ही ठरवली होती तिथे नाही, वाऱ्याच्या खिडकीपाशी आहे.

यानंतरची पायरी म्हणजे पावसाची वाट बघणं, आणि तीच कुणाला पटत नाही. आमच्या समोरच्या काकींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक पावस वचूं दी गो, मागीर रंग मार." म्हणजे एक पावसाळा जाऊ दे, मग रंग लाव. मी हसून मान डोलावली आणि मे महिन्यात बेडरूमची पश्चिमेची भिंत गडद मोहरी रंगाने रंगवून घेतली. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन आडवा येतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या भिंती झोडपल्या जातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मोहरी भिंतीवर खालून फुगे आले. नखाने एक टोचला तर आतून पांढरी भुकटी सांडली. त्याच आठवड्यात कपाटातली चामड्याची पर्स काढली, तिच्यावर हिरवट लव उगवलेली.

म्हणून पहिल्या पावसाळ्यात हातात ब्रश नको, खडू हवा. जिथे ओल दिसेल तिथे तिच्या कडेने खडूची रेघ मारून तारीख लिहा. रेघ ओलांडून ओल पुढे सरकली तर पाणी अजून मुरतंय. शंका असेल तिथे प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी काढून बघा. थेंब भिंतीच्या बाजूने असतील तर ओल भिंतीतली आहे, आधी बाहेरून दुरुस्ती करा. खोलीच्या बाजूने असतील तर दोष हवेतल्या दमटपणाचा, तिथे खिडकी आणि पंखा पुरतो. कपाटं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटं वारा खेळू द्या.

आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको. आमचं टीव्हीचं युनिट फर्निचरवाल्याने "वॉटरप्रूफ आहे मॅडम" म्हणत गळ्यात मारलं. गणपतीपर्यंत त्याचा खालचा काठ ब्रेड दुधात बुडवल्यासारखा फुगला होता. प्लायवुड घ्यायचंच तर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, घ्या आणि त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः वाचा. जुनं सागवानी किंवा फणसाच्या लाकडाचं फर्निचर मिळालं तर सोनंच, पण पायांशी वाकून बघा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर भुंगा. बिजागऱ्या, पडद्यांचे दांडे, खिळे यांत साधं लोखंड टाळा. समुद्राकडच्या गावात तर ते वर्षभरसुद्धा धड टिकत नाही.

वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं नाही. हे चार महिने कल्पना गोळा करायला उत्तम, कारण पर्यटक कमी असतात आणि घरं खरी दिसतात. पणजीत आझाद मैदानाशेजारी इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वारात निळ्या-पांढऱ्या आझुलेजो टाइल्सची भिंत आहे, पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांची. तिथून मी एकच गोष्ट उचलली. एक रंग आणि पांढरा, एवढ्यावर अख्खी भिंत बोलू शकते. तिथून चालत फोंतेन्हास ही जुनी वस्ती गाठा. पिवळी, निळी, तांबडी घरं सगळे बघतात, तुम्ही खिडक्यांभोवतीची पांढरी पट्टी बघा. गडद रंग तिथे सुसह्य होतो तो त्या पट्टीमुळे. आणि तिथे माणसं राहतात, तेव्हा कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढत बसू नका.

पर्वरीजवळ तोर्ड्याला वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेलं 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय आहे. बाणावलीच्या 'गोवा चित्र'मध्ये शेतीची आणि घरातली जुनी अवजारं आहेत. माझ्या स्वयंपाकघरातली लाकडी फळी तिथलीच नक्कल, सुताराला कागदावर काढून दिली. शिंपल्यांच्या खिडक्यांचा मोह मलाही झाला होता. काचेऐवजी बसवलेल्या त्या पातळ शिंपल्यांतून दुपारचं ऊन दुधासारखं उतरतं. पण हा शिंपला आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा नवीन करून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यात जास्त मात्र शिकले ते देवळांतून आणि शेजाऱ्यांच्या घरांतून. डिचोली-पेडण्याकडच्या काही जुन्या देवळांत कावीकाम दिसतं. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा केलेला. देवघराच्या मागच्या भिंतीला मी गेरू आणि पांढरा एवढंच ठेवलं ते त्यावरून. काकींचं मूळ घर शिरोड्याकडे आहे. तिथल्या वसरीत, म्हणजे ओसरीवर, बसायला जो चिऱ्याचा कट्टा आहे त्याला सोपो म्हणतात. आमच्या बाल्कनीत तेवढा रुंद नाही, दीड हाताचाच बांधून घेतला, पण सोफा ओस पडला आणि संध्याकाळी सगळे तिथे. बाजाराचं म्हणाल तर म्हापशाचा शुक्रवार मातीच्या भांड्यांसाठी आणि टोपल्यांसाठी, आणि लाकडावरचं रंगकाम हवं असेल तर सीमेपलीकडे सावंतवाडी. बाकी पडदे, उशा, गालिचे कुठेही मिळतात. गालिचा पावसाळ्यात गुंडाळून ठेवावा लागतो एवढं फक्त धरून चला.

आता छत. पीओपीचं खोटं छत करायचा विचार असेल तर आधी चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, विचार करा. पुण्यात आमची सगळी सजावट मखरात. इथे मान वर करावी लागते, कारण गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंजन, चिबूड, शिवाय कांगलांसारखी रानातली फळं, एकेक दोरीने लटकवलेली. पहिल्या वर्षी काकींच्या नवऱ्याने आमच्याकडे चौकट आणली, वर बघितलं आणि विचारलं, "हुक खंय?" हुक नव्हते. पीओपीत मारले असते तर नारळांसकट छत गणपतीवर आलं असतं. शेवटी खिडकीच्या ग्रिलपासून दारावरच्या खिळ्यापर्यंत दोरी ताणली आणि तिला पाच सुपाऱ्या, दोन काकड्या. काका काही बोलले नाहीत, पण आरतीला येणारा प्रत्येक जण आधी वर बघायचा.

तेव्हा छताचं काम सुरू होण्याआधी स्लॅबमध्ये फास्टनर मारून चार मजबूत हुक घालून घ्या, चौकटीच्या चार कोपऱ्यांना. पीओपी त्यांच्याभोवतीने करू द्या. जागा ठरवताना खाली पाट किंवा टेबल मांडून बघा, दिवा आणि पंखा मध्ये येतो का ते पाहा. बाल्कनीत एक हुक आकाशकंदिलासाठी, आणि तुळस अशा कोपऱ्यात की आडव्या पावसात तिचं झोडपणं होणार नाही आणि हिवाळ्यात लग्न लावायला चार माणसं उभी राहतील.

वहिनीकडे पीओपीवाला सोमवारी येणार आहे. हे सगळं तिने सावकाश वाचावं, पण हुकांचं मी तिला काल रात्रीच फोन करून सांगितलंय.