रॉटवायलर आणताय? आधी घरातली माणसं तयार करा

दोन महिन्यांचं रॉटवायलरचं पिल्लू कडेवर मावतं. वाढ पूर्ण झाली की नर 50 किलोच्या आसपास भरतो, मादी 40 च्या पुढे जाते. म्हणून पिल्लू बघायला जाण्याआधी घरच्यांनी एकत्र बसा. सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार? दिवसभर घरी कोण असणार? समोरून मांजर पळालं तर दोरी कोणाच्या हातात टिकेल? सगळ्या प्रश्नांना एकाच माणसाचं नाव येत असेल, तर अजून थांबा. आणि गेटला साखळीने बांधून राखणीला ठेवायचा विचार असेल, तर कृपा करून आणूच नका. हे कुत्रं माणसांत राहणारं आहे. एकटं बांधलं की बिघडतं.

पिल्लू निवडताना त्याची आई बघायला मागा. ती अनोळखी माणसाला बघून घाबरते की शांत राहते, यावरून बरंच कळतं. या जातीत खुब्याचे आणि कोपराचे सांधे सदोष असण्याचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा आईवडिलांच्या सांध्यांचे एक्स-रे झालेत का, तेही विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या 2017 च्या कुत्र्यांची पैदास आणि विक्रीच्या नियमांनुसार बंदी आहे.

घरी आल्यावरचे पहिले दोन महिने सोन्याचे. या वयात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती वाटत नाही. पार्व्हो या जुलाब-ओकाऱ्यांच्या जीवघेण्या विषाणूचा धोका या जातीला जास्त, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. पण कडेवर घेऊन जग जरूर दाखवा. वरातीचा बँड, कुकरची शिट्टी, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. लांबून दाखवा, खाऊ द्या, घाबरलं तर आणखी लांब जा.

दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावात ही कुत्री खाटकांची गुरं हाकायची, गाड्या ओढायची. अंगाने रेटायची सवय अजून गेलेली नाही. आमची राणी पाहुण्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहते आणि हळूहळू सगळं वजन त्यांच्यावर टाकते. आत्याला तिचं कौतुक वाटतं, पण तीन वर्षांचं मूल तेवढ्याने पडतं. त्यामुळे कुत्रं कितीही गुणी असलं तरी लहान मुलांजवळ मोठं माणूस हवंच.

आता गुरगुरण्याबद्दल, कारण खरी चूक इथे होते. लाड करताना बरेच रॉटवायलर घशातून घरघर करतात. अंग सैल असेल तर तो आनंद. अंग ताठ आणि नजर खिळलेली असेल तर मागे सरा. जेवताना गुरगुरला म्हणून फटका मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावेल. त्याऐवजी रोज भांड्याच्या जरा लांबून जाताना उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे चला. काही दिवसांत तुम्ही आलात की तो शेपूट हलवायला लागेल. तरीही ताठरत असेल तर प्रशिक्षक बोलवा.

काळ्या अंगाला आपला उन्हाळा सोसत नाही. फिरणं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. कांदा, मनुका, चॉकलेट बंद. गोचीड रोज तपासा, कानामागे आणि बोटांच्या मधेही. नसबंदीची घाई नको; वाढ पूर्ण होऊ द्या आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा.

महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्रक काढलं, त्यात रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात ते न्यायालयात रद्द झालं, पण सोसायटीत अजूनही त्यावरून वाद होतात.

शेवटचं आणि जिवाशी गाठ असलेलं: पोट अचानक फुगलं, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रं अस्वस्थ येरझाऱ्या घालतंय, तर सकाळची वाट बघू नका. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात काही तासच असतात. रात्री उघडा असणारा दवाखाना पिल्लू आणायच्या आधीच शोधा आणि त्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.