पन्नाशीत गावठी कुत्रा घरी आणताना

मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेली, की पन्नाशीच्या आसपासच्या अनेक जोडप्यांच्या मनात कुत्रा पाळण्याचा विचार येतो आणि बहुतेक वेळा तो लॅब्रॅडॉरच्या गुबगुबीत पिल्लापाशी जाऊन थांबतो. माझे मत वेगळे आहे. या वयात पिल्लू आणण्यापेक्षा दोन ते चार वर्षांचा, स्वभाव कळून आलेला गावठी कुत्रा आणावा. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, ते रात्री उठवते आणि चपलांपासून सोफ्यापर्यंत सर्व काही कुरतडते. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास भरतो आणि त्याने मांजर पाहून पट्ट्याला हिसका दिला, तर दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाची पंचाईत होते. गावठी कुत्रा बहुधा पंधरा ते वीस किलोंचा असतो, त्याचे आखूड केस आपल्या उन्हाळ्याला मानवतात आणि मोठ्या विलायती जातींमध्ये आढळणारे खुब्याचे विकार त्याच्यात कमी दिसतात. वयाचा हिशेबही करून पाहावा. 52व्या वर्षी पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा आपण पासष्टीला टेकलेले असू. त्या वयात आजारी कुत्र्याला उचलून जिना उतरणे कोणाला जमेल, हे आजच ठरवता येत नाही.

कुत्रा निवडण्यापूर्वी घरात बोलणे व्हायला हवे, आणि ते कौतुकाच्या सुरात नव्हे तर कामांच्या भाषेत व्हावे. पहाटे कोण उठणार, रात्रीची शेवटची फेरी कोणाकडे, ओकारी काढणार कोण, डॉक्टरांचा खर्च कोणत्या खात्यातून जाणार, हे नवरा-बायकोने स्पष्ट ठरवावे. आयुष्यभर मुलांचे डबे आणि औषधे जिने सांभाळली, तिच्यावरच कुत्र्याचाही भार न बोलता येऊन पडतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. अशा घरात कुत्र्याच्या निमित्ताने जुनीच कुरबुर नव्याने सुरू होते. दोघांपैकी एकाला कुत्रा नको असेल, तर ‘एकदा आला की आवडेल’ असे सांगून त्याला गप्प करू नये. तसेच गेलेल्या मुलाची जागा भरून काढण्याची अपेक्षा त्या मुक्या जिवाकडून ठेवू नये. मुलाची उणीव फोनवर मुलाशी बोलूनच थोडीफार भरते.

घरात सासू-सासरे किंवा आई-वडील असतील, तर त्यांचा होकार केवळ शिष्टाचार म्हणून घेऊन चालणार नाही. वृद्धांना सर्वांत मोठा धोका कुत्र्याच्या चाव्याचा नसून त्याच्या अंगावरून अडखळून पडण्याचा असतो, आणि सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडले तर घरातील सर्वांचेच दिनमान बदलते. म्हणून पट्ट्याला लहानशी घंटी बांधावी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवावा आणि कुत्र्याची झोपण्याची जागा येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी. देवघर आणि स्वयंपाकघर याविषयीचा आक्षेपही मोडीत काढू नये. उंबऱ्याच्या आत यायचे नाही ही शिस्त प्रौढ कुत्रा काही आठवड्यांत शिकतो, फक्त ती सर्वांनी सारखी पाळायला हवी. आई ‘सरक’ म्हणते, बाबा ‘चल हो’ म्हणतात आणि मुलगी सुट्टीत येऊन ‘बॅक’ म्हणते, अशा वेळी कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नाही. ये, बस, थांब, नको असे चार शब्द ठरवावेत आणि आजीसकट सर्वांनी तेच वापरावेत.

निवड करताना घाई करू नये. प्राण्यांच्या निवारागृहात वेगवेगळ्या वेळी जाऊन त्याच कुत्र्याला भेटावे, त्याला पट्ट्यावर चालवून पाहावे आणि खाताना जवळ गेल्यास तो गुरगुरतो का, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. आपल्याच गल्लीतील ओळखीचा कुत्रा आणण्याचा मोह होतो, पण टोळीत रमलेला, मोकळा फिरणारा प्रौढ कुत्रा दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत सुखी होईलच असे नाही. त्याला रस्त्यावरच खाऊ घालणे आणि लस टोचून घेणे हाही प्रेमाचाच मार्ग आहे. कानाच्या टोकाला खाच असेल, तर त्याचे निर्बीजीकरण झालेले आहे असे समजावे.

घरी आल्यावर कुत्रा साधारण तीन दिवस भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराची शिस्त कळते आणि तीन महिन्यांनी तो खऱ्या अर्थाने रुळतो, असा निवारागृहांतील अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. सुरुवातीच्या दिवसांत पाहुणे बोलावू नयेत, आंघोळ घालू नये, मिठी मारू नये. तो कोपऱ्यात बसून राहिला तर त्याला बसू द्यावे. नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असल्याने छातीभोवतीचा हार्नेस वापरावा आणि गळ्यातील बिल्ल्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरून घ्यावा.

पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यांकडे जावे. रेबीजची लस दरवर्षी लागते, तिच्याबरोबर इतर रोगांची एकत्रित लस आणि ठरावीक अंतराने जंताचे औषध असते. महाराष्ट्रात पावसाळा हा कुत्र्यांसाठी कसोटीचा काळ असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो. गोचिडांमुळे होणारा ताप तर हमखास आढळतो: खाणे सुटते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. कुत्र्याचे सामान्य तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग आपल्याला गरम लागले म्हणून ताप आला असे मानू नये आणि आपल्या औषधांच्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर कधीच देऊ नये. त्याने कोणाला चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

खाण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराची अडचण म्हणजे कांदा-लसूण. कांद्यामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट होतात, त्यामुळे कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा उरलेला रस्सा भातावर ओतून देण्याची जुनी सवय सोडावी लागते. द्राक्षे आणि मनुका, म्हणजे पर्यायाने शिऱ्याचा प्रसादही, त्याच्यापासून दूर ठेवावा. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात.

आता फेरीविषयी, कारण या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. सकाळची फेरी एकट्याने केली तरी चालेल, पण रात्रीच्या जेवणानंतरची फेरी दोघांनी मिळून करावी आणि मोबाइल घरी ठेवावेत. गावठी कुत्रा प्रत्येक खांब हुंगत जातो. त्याला ओढू नये, कारण वास घेणे हाच त्याचा विरंगुळा असतो आणि त्यामुळे आपलाही वेग आपोआप कमी होतो. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात गॅस, हप्ते आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडचे बोलणे आटलेले असते. समोरासमोर बसून ते पुन्हा सुरू होत नाही, पण शेजारी चालताना, दोघांचेही लक्ष कुत्र्याकडे असताना, निवृत्तीची भीती किंवा रजोनिवृत्तीतली उडालेली झोप यांविषयी सहज बोलले जाते. उन्हाळ्यात मात्र ही फेरी सूर्य मावळून रस्ता निवल्यावरच काढावी. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील.

सोसायटीत कोणी हरकत घेतली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घ्यावा. त्यांनुसार बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. विष्ठा उचलण्याची पिशवी खिशात नसेल तर मात्र भांडायला जाऊ नये. महापालिकेचा परवानाही वेळेवर काढावा.

प्रवासाचा प्रश्न मध्यमवयातच अधिक भेडसावतो, कारण हीच हिंडण्याफिरण्याची वर्षे असतात. रेल्वेत प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असेल तरच कुत्रा आपल्याबरोबर येऊ शकतो, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते, आणि भित्र्या कुत्र्यासाठी ते मी सुचवणार नाही. म्हणून मुलांकडे जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वी सांभाळणारे माणूस शोधावे, त्याला दोन-तीन फेऱ्यांना बरोबर न्यावे, आणि मोठ्या सहलीआधी कुत्र्याला एका रात्रीसाठी त्याच्याकडे ठेवून, तो जेवला का आणि झोपला का, हे सकाळी विचारून घ्यावे.