कमळपक्ष्याचं घरटं काठावरून कसं पाहावं

कमळाच्या पानावर अंडी घालून मादी निघून जाते आणि पुढचं सगळं नर करतो, हे पाहायला दूरच्या जंगलात जावं लागत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचे मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव), नांदूर मध्यमेश्वर, गोव्यातलं करमळीचं तळं अशा पाणथळी त्यासाठी चांगल्या. कमळ, कुमुदिनी किंवा शिंगाडा पसरलेला कोपरा निवडा. जलपर्णीने गच्च भरलेल्या ठिकाणी पक्षी असले तरी घरटं दिसत नाही.

जाती दोन. कांस्यपंखी कमळपक्ष्याची मान-डोकं काळं, तकतकीत असतं आणि डोळ्यामागे ठसठशीत पांढरी भुवई असते. लांब शेपटीचा कमळपक्षी पावसाळ्यात गडद चॉकलेटी अंगाचा, पांढऱ्या पंखांचा, मानेमागे सोनेरी असतो. हिवाळ्यात त्याची शेपटी गळते, पोट पांढरं होतं आणि पुष्कळ लोक त्याला तिसरीच जात समजतात.

जुलै ते सप्टेंबर हा काळ धरा. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, सूर्य पाठीशी ठेवून काठावर एकाच जागी बसा. ८ बाय ४२ची दुर्बीण पुरते, तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) असेल तर उत्तम. घरट्यापासून निदान ५० मीटर अंतर हवं.

पहिल्याच दिवशी वहीत तळ्याचा कच्चा नकाशा काढून वनस्पतींच्या पट्ट्यांना अ, ब, क अशी नावं द्या. नर-मादीचे रंग सारखेच असल्याने एकटा पक्षी पाहून लिंग ठरवू नका. दोघं शेजारी आले की मोठी ती मादी. नाहीतर वागणं पाहा: एकाच पट्ट्यात दिवसेंदिवस राहून अंड्यांवर बसणारा नर, तर अनेक पट्टे ओलांडत परक्या माद्यांना हुसकावणारी मादी. कांस्यपंखी मादीचे एका वेळी चारपर्यंत नर असू शकतात. तमिळनाडूतल्या वेंबनूर तळ्यावरच्या अभ्यासात दिसलं की मादी वाटून घेणारे नर तिला बोलावण्यासाठी जोरजोराने ओरडतात. म्हणून कोणत्या पट्ट्यातून ओरडणं आलं आणि त्यानंतर मादी तिकडे गेली का, या दोन गोष्टी वेळेसह लिहा. हीच नोंद सर्वात मोलाची.

अंडी साधारण चार. लांब शेपटीच्या पक्ष्याची चकचकीत, बिनठिपक्यांची. कांस्यपंखीच्या अंड्यांवर काळ्या रेघोट्यांचं जाळं. ती पाहायला पाण्यात उतरू नका, नराची बैठक पुरेशी बोलकी असते. तरंगतं घरटं ओलं असतं, म्हणून तो पंख अंड्यांखाली सरकवून ती छातीशी धरतो. उबवण जवळजवळ महिनाभर चालते.

इथे एक चूक हमखास होते. पाऊस पडून पाणी चढलं, घरटं रिकामं दिसलं, की अंडी गेली असं लिहून टाकलं जातं. लांब शेपटीचा नर चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून किंवा ओढत दुसऱ्या पानावर नेतो. त्यामुळे आसपासचे काही मीटर नीट न्याहाळल्याशिवाय ‘नष्ट’ हा शब्द लिहू नये.

पिल्लं मोजताना घाई करू नका. धोका वाटला की ती पाण्यात बुडून फक्त चोचीचं टोक वर ठेवतात. कांस्यपंखी नर तर खाली बसून त्यांना पंखांखाली घेतो आणि उचलून चालू लागतो. त्याच्या पंखाखाली जास्तीचे पाय लोंबताना दिसले तर ती पिल्लं आहेत. या जातीच्या पंखातलं एक हाड पात्यासारखं चपटं असतं, त्याचा आधार इथे मिळतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून दिसलेली सर्वात मोठी संख्या नोंदवा.

नर पंख पसरून लंगडत तुमच्यासमोर फडफडू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. आल्या वाटेने लगेच मागे फिरा. तो उठला की अंडी उघडी पडतात आणि कावळा, घार किंवा जांभळी पाणकोंबडी तेवढ्यात डाव साधते. शिंगाड्याच्या तळ्यावर ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबांना आधी विचारा. कुठल्या पट्ट्यात पक्षी बसलाय हे त्यांना रोजच्या फेरीत दिसतं. मात्र फोटोसाठी डोंगा जवळ न्यायला सांगू नका, आणि अंडी फुटेपर्यंत घरट्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका.