थंडीत कडकनाथची रवण बसवताय? अंड्याआधी कोंबडा बघा

दिवाळी झाली, मका घरात आला, अंगणात शेकोट्या पेटायला लागल्या की आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री-पिंपळनेर पट्ट्यात कोंबड्या रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची गडबड सुरू होते, आणि ते बरोबरच आहे कारण आत्ता बसवलेल्या अंड्यांची पिल्लं डिसेंबरात निघतात, तलंगा (तरण्या माद्या) साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येतात आणि नर आखाडापर्यंत विकायला तयार होतात. शिवाय मार्गशीर्षात गुरुवारचे उपास असतात, बरीच घरं महिनाभर अंडी-कोंबडी बंद ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक कमी, मग ती अंडी पडेल भावात विकण्यापेक्षा कोंबडीखाली घातलेली काय वाईट?

पण यंदा बऱ्याच जणांना कडकनाथ करायचंय म्हणून थोडं सविस्तर लिहितोय. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला, भिल आणि भिलाला लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेला पक्षी, तिकडे त्याला कालीमासी म्हणतात, २०१८ ला झाबुआच्या कडकनाथाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. चोच, जीभ, पाय, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण सगळं काळं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं, आणि रक्तही लालच असतं, त्यामुळे कुणी "काळी अंडी" म्हणून जास्त भाव मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

मी सुरुवातीला एका गाडीवाल्याकडून ५० पिल्लं घेतली होती. पिल्लं काळीभोर, मोठं होताना तलंगाही काळ्याच दिसत होत्या, मी खूश. तीन महिन्यांनी नरांचे तुरे लालभडक झाले आणि पायांवर पिवळसर छटा आली. तेव्हा कळलं की बाप कडकनाथ आणि आई पिवळ्या पायाची गावठी असली की पोरी काळ्या निघतात आणि पोरं उजळ निघतात, कारण काळेपणा दाबणारा गुण आईकडून फक्त पोरांना जातो, पोरींना जातच नाही. म्हणून नुसत्या काळ्या कोंबड्या बघून माल शुद्ध आहे असं समजू नका. विकणाऱ्याकडे त्याच लॉटमधले मोठे नर मागा, तुरा आणि गलोल (गळ्याखाली लोंबणारी कातडी) जांभळट-काळे आहेत का बघा, चोच उघडून जीभ बघा, मांडीजवळची पिसं बाजूला करून कातडी बघा. नर दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर घेऊच नका.

आता घरचा कळप. ८ ते १० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तोच कोंबडा तीन-चार वर्षं ठेवला तर तो स्वतःच्याच पोरींवर, नातींवर चालतो, मग अंडी कमी फुटतात, पिल्लं किरकोळ निघतात, आणि आपण दोष थंडीला देत बसतो. दर वर्षी नाहीतर दीड वर्षात कोंबडा बदला, आणि तो शेजाऱ्याकडून आणून उपयोग नाही जर शेजाऱ्याचा माल पण तुमच्याकडूनच गेलेला असेल. अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: कोंबडा बदलला तरी जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे टिकतं, कधी जरा जास्तही. त्यामुळे नवा कोंबडा सोडल्यावर ३ आठवडे अंडी खा, विका, काहीही करा पण रवणाला घालू नका. गल्लीतला गावठी कोंबडा एकदा कुंपण ओलांडून आत आला तरी हाच हिशोब. ज्यांना वाण खरंच टिकवायचाय त्यांनी रवणाची अंडी धरायच्या महिन्यात तरी कडकनाथ जाळीत ठेवा, बाकी वर्षभर मोकळे सोडा.

कडकनाथ कोंबडी स्वतः खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या तयारीत, क्वचितच होते आणि झाली तरी मधेच उठते. म्हणून तिची अंडी गावठी किंवा असील (झुंजीच्या जातीच्या) कोंबडीखाली घालायची. असील अंडी कमी देते पण बसायला आणि पिल्लं सांभाळायला तिच्यासारखी दुसरी नाही, घार आली तर अंगावर जाते. अंडी ७ दिवसांपेक्षा जुनी नकोत, टोकदार बाजू खाली करून गार जागी ठेवा, फ्रिजमध्ये नाही, धुवायची तर अजिबात नाहीत, घाण असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि जास्त घाण असेल तर घरात खाऊन टाका.

खुडूक झालेली कोंबडी ओळखायला सोपी, पिसं फुगवते, जवळ गेलं की घोगरा आवाज काढते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते. पण लगेच चांगली अंडी देऊ नका, दोन रात्री साधी अंडी घालून बघा टिकते का. त्याआधी तिच्या पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी उवा बघा, कारण उवा असलेली कोंबडी २१ दिवस बसूच शकत नाही, अंग खाजलं की उठते आणि अंडी गार पडतात. आम्ही राख आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा पिसांच्या मुळाशी चोळतो आणि टोपलीतही टाकतो. टोपलीत खाली थोडी माती, वर भाताचा पेंढा, मध्ये खळगा, १० ते १२ अंडी, थंडीत त्यापेक्षा जास्त नको कारण कडेची उघडी पडतात. बसवायची रात्री. दाणा-पाणी टोपलीपासून दोन हातांवर, रोज एकदा तिला उठू द्या.

सातव्या रात्री अंडी तपासा. जुना बुटाचा खोका घ्या, अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, आत मोबाईलचा टॉर्च लावून अंडं भोकावर धरा. जिवंत असेल तर मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फुटलेल्या दिसतात, धरल्या धरल्या कधी कधी तो ठिपका हलतो. सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर रिकामं. नुसतं लाल कडं दिसलं तर आत मेलेलं. दोन्ही काढून टाका, नाहीतर ते सडून फुटतं आणि सगळी टोपली बिघडते. बदकाची अंडी कोंबडीखाली घालणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याला २८ दिवस लागतात. टर्की असेल तर कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, कोंबड्यांत न दिसणारा रोग टर्कीला मारतो.

पिल्लं आईशिवाय वाढवायची असतील तर उबेसाठी एलईडी बल्ब लावू नका. खूप जण फसतात, उजेड भरपूर दिसतो म्हणून वाटतं ऊब आहे, पण एलईडी जवळजवळ तापतच नाही आणि सकाळी पिल्लं एकमेकांखाली चेंगरून मेलेली सापडतात. जुना तारेचा पिवळा बल्बच लागतो, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशांपर्यंत ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात, बल्बखाली गठ्ठा केला तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर जास्त तापलंय, सगळीकडे पसरून किलबिलाट करतायत म्हणजे छान. खुराड्याला गोणपाट लावा पण वरची फूटभर जागा उघडी सोडा, सगळं बंद केलं तर विष्ठेचा वास कोंडून डोळे सुजतात.

या दिवसात माझं सगळ्यात जास्त सांगणं असतं ते मक्याबद्दल. नवा मका ओला असतो, गोणीत भरला की आत गरम होऊन बुरशी धरतो आणि त्या बुरशीचं विष पिल्लांचं लिव्हर खराब करतं, औषधानं ते उतरत नाही. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, मगच भरडा. काळपट, जाळी धरलेले दाणे "कोंबड्यांना चालतील" म्हणून बाजूला काढू नका, फेकून द्या. शेंगदाण्याच्या पेंडीलाही हेच लागू.

लसीचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, साधारण सातव्या दिवशी लासोटाचा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस) डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी परत लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवीची, आणि आठ-दहा आठवड्यांनी मानमोडीचीच दुसरी लस आर-टू-बी. अडचण अशी की एक बाटली शंभर किंवा जास्त पिल्लांची येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, आपल्याकडे तर पिल्लं ३०. म्हणून चार-पाच घरांनी ठरवून एकाच रात्री रवण बसवा, पिल्लं एकाच वेळी निघतात आणि एक बाटली सगळ्यांना पुरते. दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्येच आणा.

थंडीतच बर्ड फ्लूची भीती असते, देशातला पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या नवापूरलाच झाला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे. तलावावर स्थलांतरित पक्षी उतरत असतील तर बदकं-कोंबड्या तिकडे सोडू नका, बाजारात न विकलेले पक्षी थेट कळपात घालू नका, दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. एकदम चार-सहा मेले तर हात लावू नका, कापून खाऊ नका, दवाखान्यात कळवा.

पैशाबद्दल. २०१९ ला सांगली-साताऱ्याकडे कडकनाथच्या करार योजनेत लोकांचे कोट्यवधी रुपये बुडाले. अंडी-पिल्लं आम्हीच परत घेऊ असं सांगून आधी मोठी रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहा. २५-३० पक्ष्यांनी सुरू करा, गिऱ्हाईक आपल्या तालुक्यात शोधा, आणि हे खाल्लं की अमुक आजार बरा होतो असं सांगून विकू नका.

आखाडात गिऱ्हाईक दारात येतं तेव्हा ते सगळ्यात देखणा, जड, काळ्या तुऱ्याचा कोंबडा उचलतं, आपणही भाव चांगला मिळतो म्हणून देऊन टाकतो, आणि पुढच्या वर्षी वाणाला मागे उरलेला हलका नर राहतो. म्हणून पाचव्या महिन्यातच पक्षी तोलून, तुरा-जीभ बघून, दोन-तीन नर निवडा, पायात रंगीत रिंग घाला आणि विक्रीच्या दिवशी त्यांना वेगळ्या डालग्याखाली झाकून ठेवा.