पर्यावरणाची बातमी छापून कशी आणावी? पंचगंगेच्या काठावरून

उन्हाळ्यात पंचगंगा नदीचं पाणी तुटलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेले मासे लागल्याची बातमी येते. एकदा नाही, वारंवार. क्रमही ठरलेला असतो. सकाळी कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, गावच्या ग्रुपवर टाकतं. दुपारी एखादी संघटना प्रसिद्धिपत्रक काढते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर सिंगल कॉलम: 'पंचगंगेत मासे मृत, नागरिकांत संताप'. तिसऱ्या दिवशी विषय बंद.

नदीसाठी, टेकडीसाठी, झाडांसाठी धडपडणारी माणसं मग म्हणतात, पेपरवाल्यांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. डेस्कवरच्या उपसंपादकाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. संध्याकाळी पान लावायला बसल्यावर त्याच्या हातात दीड पानाचं पत्रक पडतं. त्यात वसुंधरा वाचवण्याचं कळकळीचं आवाहन असतं, खाली डझनभर पदाधिकाऱ्यांची नावं असतात, आणि बातमी शोधून सापडत नाही. त्या दीड पानाचं काय करायचं, ते इथे सांगतो. उदाहरण पंचगंगेचं घेतो. तुमच्याकडे नदीऐवजी खाण असेल, कचरा डेपो असेल, तरी रीत तीच.

पायरी १: कुणी वाचायला हवं ते ठरवा

'जनजागृती' हे उत्तर चालणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने येऊन पाण्याचे नमुने घ्यायला हवेत? नगरपालिकेने सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं रखडलेलं काम पुरं करायला हवं? की गावकऱ्यांनी जनसुनावणीला यायला हवं? एका वेळी एकच मागणी धरा.

मागणी ठरली की माध्यम आपोआप ठरतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज सकाळी जिल्ह्यातल्या बातम्यांची कात्रणं जातात, जिल्हा माहिती कार्यालयाचं ते कामच आहे. म्हणजे अधिकारी हलवायचा असेल तर मुंबईच्या इंग्रजी पेपरातल्या लेखापेक्षा जिल्हा आवृत्तीतली दोन कॉलमची बातमी जास्त कामाची. शेतकऱ्यांपर्यंत जायचं असेल तर लोकल केबल आणि रेडिओ. शहरातला नोकरदार वाचक हवा असेल तर रविवारची पुरवणी, पण तिचं साहित्य आठवडाभर आधी ठरतं हे लक्षात ठेवा.

पायरी २: आधी कागद, मग फोन

बातमीदाराला फोन लावण्यापूर्वी तुमच्या हातात निदान एक कागद हवा. सर्वांत सोपा कागद म्हणजे तुमचीच लेखी तक्रार. ती मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. मासे मेले असतील तर एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागालाही द्या. 'तक्रार केली' हे वाक्य पोच असली तरच बातमीत टिकतं.

दुसरा कागद आकड्यांचा. राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमाखाली मंडळ ठरावीक ठिकाणांचं पाणी तपासतं आणि निकाल संकेतस्थळावर टाकतं. तुमच्या गावाजवळचं तपासणीचं ठिकाण शोधा आणि मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांचे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. आकडा कधी एकटा देऊ नका, शेजारी मापदंड हवाच. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली जायला नको. मासे जगायला ४ तरी लागतो. बीओडी काय हे एका ओळीत सांगा: पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, त्याचं माप. एवढं दिलं की उपसंपादक चौकट करतो, आणि वाचक चौकट आधी वाचतो.

गावचा प्रश्न मोठ्या चित्रात बसवायला एक आकडा पुरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले गेले, त्यांतले ५५ महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पत्रकात हे शेवटच्या ओळीत टाका. सुरुवात तुमच्या बंधाऱ्यानेच व्हायला हवी.

आणखी माहिती हवी असेल तर माहिती अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तराला ३० दिवस लागतात. म्हणून अर्ज हिवाळ्यातच टाकून ठेवा. मासे मेल्यावर टाकलेल्या अर्जाचं उत्तर पाऊस सुरू झाल्यावर येतं.

बाटलीत पाणी भरून पत्रकार परिषदेत नाचवण्याची एक हौस असते. फोटो चांगला येतो, खोटं कशाला बोला. पण कारवाईसाठी कायद्याने मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच धरला जातो. तेव्हा बाटलीबरोबर 'मंडळाने नमुना घ्यावा' ही मागणी जोडा, नाहीतर ती बाटली म्हणजे नुसती शोभा.

पायरी ३: पत्रक लिहिताना

संघटनांकडून साधारण असं पत्रक येतं:

'आज संपूर्ण विश्व पर्यावरणाच्या भीषण संकटातून जात असताना आपली जीवनदायिनी पंचगंगा माताही अखेरचे श्वास मोजत आहे. नफेखोर कारखानदार राजरोस विष सोडून नदीचा खून करत असून प्रशासन झोपेचे सोंग घेत आहे...'

आता हेच असं लिहून पाहा:

'तेरवाड बंधाऱ्याजवळ मंगळवारी सकाळी चिलापी, मरळ, वाम असे मासे मोठ्या संख्येने मरून पडलेले आढळले. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूने काळसर, फेसाळ पाणी येत असल्याचे मच्छीमारांनी सांगितले. ग्रामस्थांनी सकाळी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार दिली असून, पाण्याचे नमुने त्याच दिवशी घ्यावेत अशी मागणी केली आहे. हीच नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तेथे भाविक स्नान करतात.'

दुसरा मजकूर उपसंपादक जवळपास जसाच्या तसा लावू शकतो. कुठे, कधी, काय, कुणी पाहिलं, काय मागणी, आणि वाचकाला त्याचं काय: सगळं आलं. नृसिंहवाडीचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. तेरवाड कुठे हे सगळ्यांना माहीत नसेल, वाडीला मात्र अर्धा महाराष्ट्र दत्तदर्शनाला जाऊन आलेला असतो.

आणखी एक फरक पाहा. पहिल्या मजकुरात आरोप आहे, दुसऱ्यात डोळ्यांनी पाहिलेलं. कोणत्या कारखान्याचं पाणी हे सिद्ध झालेलं नसताना नाव घेतलंत तर बदनामीची नोटीस तुम्हालाही येईल आणि पेपरलाही, आणि पेपर त्यानंतर तुमचा फोन उचलणार नाही. नाव मंडळाच्या अहवालात आलं की अहवालाचा हवाला देऊन बिनधास्त घ्या.

पत्रक एका पानात, युनिकोडमध्ये टाइप केलेलं, खाली एकाच माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर. तो नंबर संध्याकाळी सहापर्यंत उचलला गेला पाहिजे. बाकीच्या पदाधिकाऱ्यांची समजूत तुम्ही घरी काढा.

पायरी ४: तालुक्याचा बातमीदार

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक मंडळी इथेच चुकतात. थेट संपादकांना पत्र लिहितात आणि तालुक्याच्या वार्ताहराला विचारतही नाहीत. संपादक ते पत्र फिरवून फिरवून त्याच वार्ताहराकडे पाठवतात आणि तो मनातून नाराज झालेला असतो. सुरुवात त्याच्यापासूनच करा.

त्याची अडचणही समजून घ्या. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. मानधन तुटपुंजं, आणि त्यातच जाहिरातीही आणायच्या. अध्यक्षांचा वाढदिवस, गळीत हंगामाचा शुभारंभ, संस्थेचा वर्धापनदिन या पुरवण्यांवर त्याचं घर चालतं. अशा माणसाने तालुक्यातल्या बड्या धेंडाविरुद्ध लिहावं ही अपेक्षा म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर करायला सांगणं. म्हणून त्याला एकट्याला अडचणीत टाकू नका. बातमी एकाच वेळी तीन-चार पेपरांना द्या, म्हणजे 'तूच का छापलीस' असं त्याला कुणी विचारणार नाही. मंडळाचा कागद द्या, म्हणजे बोट कागदाकडे दाखवता येईल. तरीही जमत नसेल तर जिल्ह्याच्या गावी प्रदूषणाचा बीट सांभाळणारा बातमीदार गाठा.

वेळ पाळा. तालुक्याची पानं लवकर सुटतात. दुपारी चारच्या आत मजकूर आणि फोटो पोचले तर जागा मिळते, सातला पाठवलेलं दुसऱ्या दिवशी शिळं होतं. पत्रकार परिषद घेणार असाल तर सकाळी अकरा-बाराला घ्या. खरं तर पत्रकार परिषदेपेक्षा बातमीदाराला बंधाऱ्यावर नेणं केव्हाही चांगलं. तो वास एकदा नाकात गेला की इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, त्याची तोच लिहितो.

पायरी ५: फोटो आणि बाइट

फोटोत माणूस हवा. नुसतं काळं पाणी छापल्यावर काळाच चौकोन दिसतो. जाळं ओढणारा मच्छीमार किंवा काठावर थबकलेली म्हैस आली की वाचक थांबतो. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला तर दबतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत फोटोओळ: ठिकाण, दिवस, काय दिसतंय, कुणी काढला.

टीव्हीसाठी मोबाइल आडवा धरा, हात स्थिर ठेवा आणि मध्ये बोलू नका. पंधरा-वीस सेकंदांचे चार तुकडे, एका दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा बरे. बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, देणाऱ्याने दोन वाक्यांत संपवावी. शक्यतो अध्यक्षांना मागे ठेवा आणि ज्याचं पोट नदीवर आहे त्याला बोलू द्या. त्याला पाठ करून देऊ नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

पायरी ६: रेडिओ

रेडिओकडे आपली मंडळी वळतच नाहीत. आकाशवाणीच्या सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा केंद्रांवर शेतीचे, महिलांचे, आरोग्याचे कार्यक्रम असतात आणि त्यांना विषय हवेच असतात. कार्यक्रम अधिकाऱ्याला लेखी विषय सुचवा. सामुदायिक रेडिओ त्याहून जवळचा: म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची वसुंधरा वाहिनी. या केंद्रांना आकाशवाणीच्या बातम्या सोडून स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. विहिरीचं पाणी तपासायचं कसं, मासे मरताना दिसले तर फोन कुणाला करायचा, आजीच्या लहानपणी नदीत कोणते मासे मिळत, असं काहीतरी न्या.

पायरी ७: मुहूर्त

५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, पत्रक पाठवू नका. त्या दिवशी रोप हातात धरून उभ्या असलेल्या मान्यवरांच्या फोटोंनी पानं भरलेली असतात. त्यापेक्षा विधिमंडळ अधिवेशनाच्या आधीचा आठवडा पाहा. तुमच्या आमदाराला कागद देऊन प्रश्न मांडायला लावलात तर बातमी दोनदा होते. गणेश विसर्जन, कार्तिकातला पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव या काळात नदीविषयी काही हवं म्हणून बातमीदार स्वतः शोधत असतात. पहिल्या पावसात ओढ्यांत साठलेली घाण एकदम नदीत येते आणि मासे मरतात. त्याची माहिती मे महिन्यातच देऊन ठेवा, म्हणजे घडल्यावर बातमीदाराला मागचापुढचा संदर्भ असेल.

प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर मुहूर्त सरकारच ठरवतं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, त्यात एक प्रादेशिक भाषेतला पेपर असतो. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो वाचा, त्यातलं गावाशी थेट संबंध असलेलं एक पान निवडा आणि बातमीदाराला द्या. लोकांपर्यंत कागद वेळेत गेला नाही की काय होतं ते पश्चिम घाटाने पाहिलं आहे. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाच्या संरक्षणाविषयी ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तो सर्वांना पाहायला मिळाला मे २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर. अहवालाआधी अफवा गावात पोचल्या: घरं बांधता येणार नाहीत, शेती बंद होणार. नंतर कितीही लेख लिहिले तरी त्या पुसल्या गेल्या नाहीत.

आणि दरवेळी मढंच घेऊन पेपरच्या दारात जाऊ नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं वाळूतून समुद्राकडे जातात त्याचे फोटो पेपरांना हवेच होते. लोक ते पाहायला गेले, गावकऱ्यांच्या घरी उतरले, आणि अंडी राखणं गावाच्याही सोयीचं झालं. तुमच्या नदीवरही एखादा पाणमांजराचा जोड असेल, एखादा डोह अजून नितळ असेल. त्याची बातमी आधी द्या. वाचकाला नदी आवडायला लागली की काळ्या पाण्याच्या बातमीला तो थांबतो.

पायरी ८: छापून आल्यावर

कात्रण तारीख घालून फाइलला लावा आणि दुसऱ्याच दिवशी ते जोडून मंडळाला स्मरणपत्र द्या. आठवड्याने बातमीदाराला फोन करा: नमुने घेतले का, निकाल काय, नोटीस निघाली का. निघाली तर ती नवी बातमी, नाही निघाली तर तीही बातमीच. अधिकाऱ्याने काम केलं असेल तर तेवढं नाव घेऊन सांगा. पुढच्या वेळी त्याचा फोन लागतो.

छापताना आकडा चुकला असेल तर फेसबुकवर पेपरला झोडपत बसू नका. आधी बातमीदाराला फोन, मग योग्य आकड्याचा कागद पाठवा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी बारीक अक्षरांत येईल. तिचंही कात्रण त्याच फाइलला लावा, कारण समोरचा वकील पहिलं कात्रण घेऊन येणारच आहे.