पंचगंगेवर सुनीत लिहायचंय? मग आधी हे बघा

सुनीत (सॉनेट) म्हणजे चौदा ओळींची कविता एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण नुसत्या ओळी मोजून नदीचं वर्णन केलं म्हणजे सुनीत होत नाही. त्याला कलाटणी लागते. पहिल्या आठ ओळींत एक चाललेलं असतं आणि नवव्या ओळीला विचार वळतो. केशवसुतांनी १८९२ च्या सुमारास हा प्रकार मराठीत आणला.

वृत्त शार्दूलविक्रीडित घ्या, आपल्याकडं सुनीताला तेच जास्त वापरतात. ओळीत १९ अक्षरं, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) म स ज स त त आणि शेवटी एक गुरू (गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराचं अक्षर, लघु म्हणजे ऱ्हस्व), बाराव्या अक्षरावर यती म्हणजे श्वास घ्यायची जागा. हे पाठ करून येत नाही, टाळी वाजवून मोठ्यानं म्हणावं लागतं. मी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर बसून जुळवलेली ही ओळ म्हणून बघा:

पाणी संथ तुझे निघे हळुहळू, घाटास भेटायला

'पाणी'तली दोन्ही गुरू, 'सं'वर अनुस्वार म्हणून तोही गुरू, तीन गुरू म्हणजे झाला म गण. 'हळूहळू'तला पहिला 'ळू' मी मुद्दाम ऱ्हस्व केलाय, कारण तिथं लघुच पाहिजे आणि कवितेत एवढी सूट चालते. पण प्रत्येक ओळीत अशी सूट घ्यायला लागली तर शब्दच बदला, नाहीतर वाचणारा अडखळतो.

आता नदीचं नाव. मी कितीतरी दिवस 'पंचगंगा'नं ओळ सुरू करायला बघत होतो आणि जमतच नव्हतं, कारण 'च' लघु आहे आणि वृत्ताला सुरुवातीला तीन गुरू लागतात. मग यतीनंतरची सात अक्षरं तपासली आणि तिथं 'ही पंचगंगा नदी' अगदी नेमकं बसलं! इतका आनंद झाला की काय सांगू.

कलाटणीसाठी लांब जायला नको. आठ ओळींत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या प्रयाग चिखलीला येऊन मिळू देत, त्यांची पंचगंगा होऊ दे, सगळं शांत, घाटावर धुणं चाललंय. नवव्या ओळीत जुलैचा पाऊस आणा, राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी मोजतात, तिथं ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, घराघरात एकच प्रश्न, "किती फूट झालं?" तीच नदी, पण आता आपण तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतोय. फूट-बिट आकडे ओळीत कोंबू नका, पायरी बुडाली एवढं पुरे. आणि नाव तेरा ओळी अजिबात घेऊ नका, चौदाव्या ओळीत बाराव्या अक्षरावर श्वास घ्या आणि मग म्हणा, ही पंचगंगा नदी.