अर्ज लिहिण्याआधी प्रोफाइल वाचा

जैवविविधतेसाठी काम करणाऱ्या संस्था बहुतेकदा आधी प्रकल्प ठरवतात आणि मग त्याला निधी शोधत फिरतात. क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंडाकडे (सीईपीएफ, स्थापना २०००) जायचं असेल तर क्रम उलटा ठेवा. हा फंड जैवविविधतेच्या 'हॉटस्पॉट'मध्येच (प्रजातींनी समृद्ध पण मोठ्या धोक्यात असलेल्या प्रदेशांतच) पैसा देतो, आणि जिथे तो पैसा देतो त्या प्रत्येक हॉटस्पॉटसाठी त्यांचं 'इकोसिस्टिम प्रोफाइल' असतं. कोणत्या प्रजाती, कोणत्या जागा, कोणती कामं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. जाडजूड दस्तऐवज आहे, कंटाळा येतो. पण निदान प्राधान्य-जागांची यादी आणि धोरणात्मक दिशा (निधी कोणत्या प्रकारच्या कामांना, त्याचे क्रमांकवार गट) तरी नीट वाचा. तुमची जागा यादीत नसेल तर अर्जात कितीही जीव ओता, फारसा उपयोग नाही.

जागा बसत असेल तर पहिल्या चौकशीपत्रातच (लेटर ऑफ इन्क्वायरी) तुमचं काम ज्या धोरणात्मक दिशेत बसतं तिचा क्रमांक लिहा आणि काम मोजता येईल असं मांडा. 'जनजागृती करू' याला काही अर्थ नाही. 'तीन पाणथळ जागी वर्षभर दरमहा पक्षीगणना, नोंदी गावसमितीकडे' हे चालतं.

आणि हो, जमीनखरेदी अंदाजपत्रकात घालू नका. त्यासाठी हा निधी वापरता येत नाही.